नाक मोकळं, तरी चोंदलेलं

दुर्बिणीनं नाक तपासायचं असलं की आधी मी नाकात पट्टी ठेवतो. गॉजची लांब पट्टी, बधिर करणारं 4 टक्के झायलोकेन आणि सूज उतरवणारं औषध यांत बुडवून पिळलेली. दहाएक मिनिटांनी ती काढली की नाक आतून नेहमीपेक्षा मोकळं झालेलं असतं. आणि नेमके तेव्हाच खुर्चीतले काका घाबरतात. "डॉक्टर, नाक पार चोंदलं हो. श्वासच जाईना!"

वाद घालून उपयोग नसतो. जीभ दाबायची स्टीलची गार पट्टी मी त्यांच्या नाकाखाली आडवी धरतो आणि तोंड मिटायला सांगतो. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटतात, दोन्ही सारखेच. "हा बघा तुमचा श्वास." काका डागांकडे बघतात, माझ्याकडे बघतात आणि पुन्हा तोंडानंच श्वास घ्यायला लागतात.

त्यांचं चुकत नाही. नाकातून हवा जातेय हे आपल्याला मुख्यतः गारव्यावरून कळतं. आत येणारी हवा नाकाचं ओलं अस्तर गार करते आणि ट्रायजेमिनल नस ते मेंदूला कळवते. झायलोकेन नसांमधले सोडियमचे मार्ग अडवतं, मग निरोप निघतच नाही. पेपरमिंटमधल्या मेंथॉलचं याच्या बरोबर उलट. सर्दीत ते हुंगलं की नाक उघडल्यासारखं वाटतं, पण मोजलं तर हवेची वाट होती तेवढीच! कार्डिफच्या रॉन एक्लेस यांनी 1980च्या दशकात हे दाखवलं. मेंथॉल ज्याला चेतवतं तो गारव्याचा ग्राही 2002 मध्ये हाती लागला.

घशात झायलोकेनचा फवारा मारला की तोंडानं घेतलेला श्वासही जाणवेनासा होतो. जीभ जाड वाटते, आवंढा गिळवत नाही. श्वास मात्र चालू असतो; त्याचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. जपायचं ते चहापासून. बधिर घशाला घोट श्वासनलिकेत उतरल्याचं कळत नाही, ठसकाही लागत नाही. म्हणून तासभर पाणीसुद्धा नाही. (ओठ निळे पडले, अंगावर गांधी उठल्या किंवा खरोखरची धाप लागली, तर तो भास नव्हे. लगेच सांगायचं.)

"नाकात मांस वाढलंय, कापून टाका एकदाचं," असं म्हणणारे आठवड्याला भेटतात. ते मांस गरजेपेक्षा जास्त काढलं गेलं, तर क्वचित एखाद्याचं नाक आतून ऐसपैस होतं आणि तरी, गारवा टिपणारं अस्तरच गेल्यानं, त्याला जन्मभर श्वास पुरत नाही. अशा माणसाला काय औषध द्यावं, हे आम्हालाही धड उमगलेलं नाही. मांस परत लावता येत नाही. त्यामुळे कुणी घाई केली तरी मी आधी महिनाभर नाकात मारायचा फवारा लिहून देतो.