एसटीचा वेतनकरार आणि सभासदाचे मत

मान्यताप्राप्त कामगार संघटनेने संपाची नोटीस देण्याआधी सभासदांचे बहुमत घेतले पाहिजे, असे महाराष्ट्राच्या १९७१ च्या संघटना-मान्यता कायद्याचे कलम २४ सांगते. बहुमत नसेल, किंवा नोटिशीनंतर चौदा दिवस उलटले नसतील, तर संप बेकायदा ठरतो. संप मिटवताना मात्र सभासदाला विचारण्याचे बंधन नाही; तडजोडीवर पदाधिकाऱ्यांची सही पुरते. एसटीच्या अलीकडच्या संपांचे दुखणे बरेचसे इथेच आहे.

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस महागाई भत्ता २८ टक्के करण्याचे ठरताच संघटनांच्या कृती समितीने आंदोलन मागे घेतले. आगारांतल्या चालक-वाहकांना एसटीचे राज्य शासनात विलीनीकरण हवे होते; ते संपावरच राहिले. २४ नोव्हेंबरला तत्कालीन परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली: दहा वर्षांपर्यंत नोकरी झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षे झालेल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५००. दुसऱ्याच दिवशी संपकऱ्यांसोबत बसलेले नेते गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत मुंबईच्या आझाद मैदानातून बाहेर पडले, तरी संप चालूच राहिला. अखेर एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने कामावर परतण्यासाठी २२ तारखेची मुदत घातली.

या सगळ्यात नोव्हेंबरचा प्रस्ताव सभासदांसमोर गुप्त मतदानाला आलाच नाही. आला असता तर नवा वाहक आणि निवृत्तीला टेकलेला चालक यांची मते वेगळी पडली असती, कारण सर्वांत जुन्याच्या वाट्याला सर्वांत कमी वाढ होती. ही तफावत भरून निघायला जवळपास तीन वर्षे लागली. ३ सप्टेंबर २०२४ ला, गणपती चार दिवसांवर असताना, पुन्हा संप झाला आणि दुसऱ्या दिवशी मिटला. सर्वांची वाढ एकूण ६,५०० रुपये झाली. म्हणजे आधी ५,००० मिळालेल्यांना आणखी १,५०० आणि २,५०० वाल्यांना ४,०००. जुन्या माणसांची तक्रार रास्त होती. ती ऐकली जायला गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांची वाट अडवावी लागली, हे वाईट झाले.

करारावर सभासदांचे मत घेता येते. अमेरिकेत २०२३ मध्ये जनरल मोटर्सचा करार कामगारांच्या मतदानात सुमारे ५५ टक्के मतांनी मंजूर झाला. नाराज किती, हेही त्याच आकड्याने सांगितले.

एसटीच्या रत्नागिरी विभागात करारावर असे मतदान घेणे अवघड आहे, अशक्य नाही. मंडणगड, दापोली आणि गुहागरला रेल्वे नाही. तिथल्या वाडीवस्तीवर संध्याकाळी वस्तीची गाडी जाते, चालक-वाहक गावातच झोपतात आणि पहाटे शाळकरी मुलांना व बाजारकरणींना घेऊन तालुक्याला परततात. एका दिवसाच्या मतदानात नेमके हेच लोक सुटतील. म्हणून मतपेटी सलग दोन दिवस, पहाटेपासून शेवटची गाडी आत येईपर्यंत, वाहक तिकीट मशीन घेतो व रोकड भरतो तिथेच हवी. प्रस्ताव आधी मराठीत, सेवावर्षांनुसार मिळणाऱ्या रकमेसह, फलकावर लागला पाहिजे. मोजणी आगारवार जाहीर व्हावी, म्हणजे चिपळूणने काय म्हटले आणि राजापूरने काय, हे सहीसाठी मुंबईला जाणाऱ्या पदाधिकाऱ्याला निघण्याआधीच कळेल.