होडीला फायबर लावण्यापूर्वी



शेती-आरोग्याच्या पानावर होडीची गोष्ट कशाला, असे गुंदच्या वाचकांना वाटेल. आपले गाव डोंगरातले, सुपारीच्या बागांचे. समुद्र पाहायचा तर अणशी घाट उतरून कारवार गाठावे लागते. पण ज्या काळी नदीच्या मुखाशी कारवार आहे, ती आपल्याच जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणे ओलांडीत १८४ किलोमीटर वाहते. घाटाखाली, कद्र्यापासून सदाशिवगडापर्यंत, नदीच्या काठाने आपल्यापैकी कितीतरी जणांचे सोयरे राहतात. त्यांच्या दारात होडी असते, जशी आपल्या दारात पूर्वी बैलगाडी असे. होडी गळू लागली की आता जो तो एकच उपाय सांगतो : "फायबर मारा."

अशाच एका सोयऱ्याच्या होडीला आम्ही फायबर मारले. पावसाळा नुकताच संपला होता. चार दिवस कडक ऊन पडले, लाकूड वरून ठणठणीत दिसले, आणि आम्ही घाई केली. काम झाले तेव्हा ठिगळ आरशासारखे चकाकत होते. पुढच्या उन्हाळ्यात होडी उलटी केली तर ते ठिगळ पिकलेल्या खपलीसारखे हाताने सोलून निघाले. खालचे लाकूड काळे पडले होते, बोट लावले तर भुसा होत होता. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या त्या होडीतून वर्षभर मुले शाळेला गेली होती, ही गोष्ट आठवली की आजही पोटात गोळा येतो.

चूक रेझीनची नव्हती, आमची होती. फायबर म्हणजे काचेच्या बारीक तंतूंची मॅट आणि तिला घट्ट धरून ठेवणारे रेझीन. ते पाणी आत येऊ देत नाही हे खरे, पण आत असलेले पाणी बाहेरही जाऊ देत नाही. ओल्या लाकडावर ते चढवले तर बुरशीला बंद खोली मिळते, आणि ओलाव्यामुळे रेझीन लाकडाला नीट चिकटत नाही ते वेगळेच. कोचीला १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडाची होडी करून पाहिली. त्यांनी आधी लाकडात न कुजण्याचे औषध मुरवले आणि मगच त्यावर फायबरचे आवरण चढवले. शास्त्रज्ञसुद्धा नुसत्या फायबरवर विसंबले नाहीत, हे ध्यानात घ्यावे.

म्हणून पहिले काम टोच्याचे. होडी उलटी करून फटीच्या आसपास टोच्याने टोचत जावे. जिथे तो लोण्यात जावा तसा आत शिरतो ते लाकूड पटाशीने काढून टाकावे आणि तिथे सुताराकडून नवा तुकडा बसवून घ्यावा. मग होडी छपराखाली, वारा खेळेल अशी ठेवून सुकू द्यावी. आपल्याकडच्या पावसात भिजलेली जाड फळी चार दिवसांत सुकत नाही, तिला महिने लागतात. उपवासकाळापासून मेच्या मध्यापर्यंतचे दिवस या कामाला सर्वांत चांगले. ओल उरली आहे की नाही हे पाहण्याची सोपी युक्ती अशी : प्लास्टिकचा एक तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने लाकडावर बंद करावा आणि दिवसभर उन्हात ठेवावा. संध्याकाळी आतून दव धरले असेल तर अजून थांबावे.

दुसरी गोष्ट होडीच्या जातीची. एका लाकडात कोरलेल्या होडीला चीर गेली तर फायबर उत्तम. पण फळ्या जोडून केलेली होडी पाण्यात फुगते, उन्हात आकसते आणि तिचे सांधे हलत राहतात. हलत्या सांध्यावर मारलेली पट्टी आज ना उद्या फाटते. तिथे फटीत कापूस आणि राळ ठोकून भरण्याची जुनी रीतच बरी, असे आमचे मत झाले आहे. फायबरवाले हसले तरी हसोत.

आता रेझीन. बाजारात स्वस्त मिळते ते पॉलिएस्टर. एपॉक्सी महाग, पण लाकडाला ते कितीतरी अधिक घट्ट धरते. घरात कप नाहीतर खेळणे चिकटवायला दोन नळ्यांचे अ‍ॅराल्डाईट वापरतो ते याच जातीचे. लहान ठिगळाला एपॉक्सीच घ्यावे. मात्र त्यासोबत विणलेले काचेचे कापड घ्यावे. तुकड्यांची मॅट ज्या पावडरने बांधलेली असते ती सहसा पॉलिएस्टरमध्येच विरघळते.

पॉलिएस्टरचा हिशेब असा. दोन फूट लांब व एक फूट रुंद ठिगळाला ४५० ग्रॅमच्या मॅटचे (म्हणजे एक चौरस मीटरला ४५० ग्रॅम वजनाच्या) दोन थर लागतात. मॅट भरते सुमारे १७० ग्रॅम आणि रेझीन लागते सुमारे ४०० ग्रॅम. हार्डनर शंभराला एक ते दोन, म्हणजे इथे ४ ते ८ मिलिलिटर. हे अंदाजाने ओतू नये, सुई काढलेल्या सिरिंजने मोजावे. कमी पडले तर ठिगळ महिनाभर चिकट राहते. जास्त झाले तर ब्रश हातात असतानाच डब्यातले रेझीन घट्ट होते, तापते, धूर सोडते. सगळे एकदम कालवू नये, पाव किलोच्या आत कालवून संपवावे. लाकडाच्या कडा पॉलिश पेपरने गोल कराव्यात, कारण धारदार कडेवर मॅट बसत नाही आणि खाली हवा राहते. ठिगळ चिरेच्या पुढे चारी बाजूंना किमान ३ इंच जावे. आधी नुसत्या रेझीनचा हात मारावा, तो चिकट असतानाच मॅट ठेवावी, आणि पांढरा ठिपका उरणार नाही इतके ब्रशने ठोकावे. पांढरा ठिपका म्हणजे कोरडी काच.

आणि आता ज्यासाठी हे सारे लिहायला घेतले ते. हार्डनरची ती छोटी बाटली पाण्यासारखी दिसते, पण तिच्यातला एक थेंब डोळा कायमचा घालवू शकतो. आमच्यापैकी एकाने बाटलीचे टोपण दातांनी उघडले आणि थेंब उडाला. नशिबाने पाण्याची कळशी शेजारीच होती. डोळा उघडा धरून पंधरा मिनिटे सतत पाणी ओतले आणि तसेच डॉक्टरांकडे नेले, म्हणून नजर राहिली. पहिल्या काही सेकंदांतच पाणी पडले पाहिजे. "थांब, बघू या काय होते ते" म्हणायला वेळ नसतो. म्हणून बाटली उघडण्याआधी स्वच्छ पाण्याची बादली जवळ ठेवावी आणि डोळ्यांना चष्मा लावावा. नुसता वाचायचा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला हवा.

काही दुकानांत कोबाल्टचा जांभळा अ‍ॅक्सिलरेटरही वेगळा मिळतो. तो आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होतो. आधी एक रेझीनमध्ये पूर्ण ढवळावे, मगच दुसरे घालावे. त्यापेक्षा अ‍ॅक्सिलरेटर आधीच घातलेले रेझीन मागून घ्यावे हे शहाणपणाचे. हार्डनरमध्ये अ‍ॅसिटोन किंवा थिनरही घालू नये. हार्डनर सांडले तर भुशाने टिपू नये, भुसा आपोआप पेट घेऊ शकतो.

पॉलिएस्टरला जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. बंद खोलीत डोके दुखते, गरगरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला 'बहुधा कर्करोगकारक' या वर्गात घातले. एका ठिगळाने कोणाला काही होईल असे आम्ही म्हणत नाही. पण काम उघड्यावर करावे आणि गरोदर स्त्रिया व मुले यांना तिथे येऊ देऊ नये. घासताना काचेची कूस अंगात शिरते. अशा वेळी चोळू नये, गार पाण्याने धुवावे, ते कपडे घरच्या कपड्यांत भिजवू नयेत. हाताला लागलेले रेझीन साबणाने काढावे. थिनरने ते कातडीत आणखी मुरते.

होडीची दुरुस्ती कितीही चांगली झाली तरी ती पाच माणसांची होडी पंधरा जणांची होत नाही. २१ जानेवारी २०१९ रोजी कारवारजवळ कुर्मगड बेटाच्या जत्रेच्या दिवशी बोट उलटून अनेक माणसे बुडाली, ते दुःख त्या किनाऱ्यावर अजून ताजे आहे.

गुंदच्या बागायतदारांसाठी जाता जाता एवढेच : उरलेल्या रेझीनने मोरचूद-चुन्याच्या फवारणीचे निळे प्लास्टिकचे पिंप सांधण्याचा मोह होईल. आम्हालाही झाला. त्या प्लास्टिकला हे रेझीन धरत नाही, पहिल्याच फवारणीला पिंप पुन्हा गळते. फायबरची टाकी किंवा गोबर गॅसची फायबरची टोपी असेल तर मात्र चांगली घासून, सुकवून जरूर लावावे. टाकी पिण्याच्या पाण्याची असेल तर ठिगळ पूर्ण सुकू द्यावे, वास जाईपर्यंत टाकी वरचेवर भरून ओतून टाकावी, आणि मगच ते पाणी घरात घ्यावे.