थेंब एकच, पण नीट

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा काचबिंदूसाठी घरी ड्रॉप्स घालायची वेळ आली, की अनेक घरांत दोन-तीन थेंब घातले जातात. एखादा बाहेर गेला तरी हरकत नाही, असा हिशेब. खरे तर डोळ्यात एक थेंबही पुरता मावत नाही. उरलेले औषध गालावर ओघळते, काही डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात उतरते. घशाशी कडू चव येते ती त्यामुळेच.

काचबिंदूवरचे टिमोलॉल असे नाकात उतरले, की तिथून रक्तात जाते. दम्याच्या रुग्णाला त्याने धाप लागू शकते, नाडीही मंदावू शकते. म्हणून दमा किंवा हृदयविकार असल्यास डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगावे. ‘डोळ्याच्या औषधाशी त्याचा काय संबंध’, म्हणून बरेच जण गप्प राहतात!

ड्रॉप्स घालणाऱ्याने आधी हात धुवावेत. रुग्णाने मान मागे करावी, खालची पापणी हलकेच ओढून झालेल्या खळग्यात एक थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. मग डोळा मिटून फक्त नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटे हलकेच दाबावा. डोळ्यावर दाब नको. दुसरे औषध असेल तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत, नाहीतर पहिले वाहून जाते. मलम सगळ्यात शेवटी.

उघडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यावी. शेजाऱ्यांच्या लाल डोळ्यासाठी तर ती मुळीच देऊ नये. शस्त्रक्रियेनंतरच्या ड्रॉप्समध्ये बहुधा स्टिरॉइड असते आणि त्याने डोळ्यातला दाब वाढू शकतो.