आधी निदान, मग पाना

जुनी गाडी घेण्याआधी काय बघावं, हे सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. खरी पंचाईत होते ती गाडी दारात उभी राहिल्यावर. पेढे वाटून होतात आणि पहिल्याच सहलीला खंबाटकीच्या चढावर टेंपरेचरचा काटा वर सरकू लागतो. एक मेकॅनिक म्हणतो रेडिएटर बदला, दुसरा थेट इंजिनचं हेड उतरवायला सांगतो. अंदाजाने पार्ट बदलत गेलं, तर पैसे जातात आणि दुखणं तसंच राहतं.

गाडी गरम होत असेल तर आधी स्वस्त कारणं तपासून घ्यावीत: कूलंटची पातळी, पाइपची गळती, पंखा, थर्मोस्टॅट. गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण मात्र चुकूनही उघडू नये. इंजिन थंड झालं की ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बघा. तिथे दुधाळ, फेसाळ थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही पातळ थर धरतो, म्हणून डिपस्टिकही ओढून बघावी. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर बहुधा हेड गॅस्केट गेलं आहे. अशी गाडी चालवत नेऊ नये, टो करूनच न्यावी.

धूरही बरंच सांगतो. निळसर धूर म्हणजे गाडी ऑइल पिते. तो सकाळी सुरू करताना क्षणभरच दिसला तर बहुधा व्हॉल्व्ह सील. ॲक्सिलरेटर दाबताना सतत येत असेल तर पिस्टन रिंगांचा संशय घ्यावा. रिंगांचं काम म्हणजे इंजिन खोलणं आलं. थंडीतली पांढरी वाफ थोड्या वेळात विरते. विरली नाही आणि गोडसर वास आला, तर कूलंट जळतंय.

डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला तर स्कॅनर लावतात. पण स्कॅनर तक्रार दाखवतो, गुन्हेगार नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड सायलेन्सरच्या पाइपमधल्या गळतीमुळेही येऊ शकतो. नुसता कोड पुसणं ही दुरुस्ती नव्हे.

एकदम सगळी कामं काढू नयेत. आधी ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर. टायरवर १८१९ असेल तर तो २०१९च्या अठराव्या आठवड्यातला; नक्षी शाबूत असली तरी रबर जुनंच. त्यानंतर ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्ट. डस्टरच्या दीड लिटर डिझेल इंजिनला बेल्ट असतो, जुन्या स्विफ्टच्या १.३ डिझेलला साखळी. बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं समजावं. तो चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात. एसी आणि खडखडाटाची कामं मागे ठेवली तरी चालतं.

पैसे कोणी भरायचे? झीज आणि यांत्रिक बिघाड नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाहीत. गाडी व्यावसायिक डीलरकडून घेतली असेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ओळखीतल्या माणसाने स्वतःची गाडी विकली असेल, तर हा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. दोन्हीकडे लेखी पुरावाच कामी येतो: जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, गॅरेजचं जॉबकार्ड. म्हणून इंजिनला पाना लावण्याआधी निदान लिहून घ्या आणि विकणाऱ्याला कळवा. एकदा हेड उतरलं, की ‘तुमच्याच मेकॅनिकने बिघडवलं’ म्हणायला तो मोकळा.