लहान मूल कसें शिकतें?

मुलांस शाळेंत पोहोंचविण्यास येणारे पालक पुष्कळदां धाकट्या भावंडासही बरोबर आणतात आणि काळजीनें विचारतात, "गुरुजी, हा साडेतीन वर्षांचा झाला, पण पाटीवर अजून 'अ' काढीत नाहीं. याची बुद्धि मंद तर नसेल ना?"

हा प्रश्न मला नवा नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं मींच तो स्वतःस विचारला होता. माझा मुलगा चार वर्षांचा असतां मी रोज सायंकाळीं त्याच्यापुढें पाटी ठेवीत असें. एके दिवशीं ती पाटी दिसेनाशी झाली व शेवटीं धान्याच्या कोठीमागें सांपडली. मुलानेंच ती दडविली होती! मी त्याच्यावर रागावलों. तेव्हां त्याच्या आईनें मला हाताला धरून स्वयंपाकघरांत नेलें. टोपलींतलीं मोसंबीं त्यानें लहान, मध्यम व मोठीं अशा तीन ओळींत, कोणीही न सांगतां, मांडून ठेविलीं होतीं. मूल शिकत होतें; मला मात्र तें दिसत नव्हतें.

मूल स्वतःच्या कृतींतून शिकतें हा विचार जुना आहे. जर्मनींत फ्रोबेल यांनीं 1837 मध्यें लहान मुलांसाठीं खेळांतून शिकविणारी संस्था काढली व पुढें तिला 'मुलांची बाग' या अर्थाचें नांव दिलें. इटलींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं 1907 मध्यें रोम शहराच्या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें. मुलाच्या हाताला योग्य वस्तु दिल्या तर तें आपली चूक आपणच ओळखतें व सुधारतें, असें त्यांना आढळून आलें. लांकडी ठोकळ्याच्या खांचेंत भलताच गोल बसविला तर शेवटीं एक गोल उरतो. मग शिक्षकानें 'चुकलास' म्हणण्याची गरजच काय?

स्वित्झर्लंडचे पियाजे (1896–1980) यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे; त्याची विचार करण्याची रीतिच निराळी असते. विद्यार्थिमित्रांनो, हा प्रयोग तुम्हीं घरीं करून पाहावा. दोन सारख्या पेल्यांत सारखें पाणी घ्या. आपल्या चार वर्षांच्या भावंडासमोर एका पेल्यांतलें पाणी उंच व अरुंद भांड्यांत ओता आणि पाणी कशांत जास्त आहे तें विचारा. बहुतेक मुलें उंच भांड्याकडे बोट दाखवितील. त्यास हंसूं नका. सातव्या वर्षाच्या सुमारास तेंच मूल म्हणेल, "पाणी तेवढेंच आहे, भांडें बदललें." प्रश्न सोप्या रीतीनें विचारल्यास कांहीं मुलांस हें लवकरही उमगतें, असें पुढील संशोधकांस दिसून आलें. तेव्हां वयाची ही रेषा काटेकोर मानूं नये.

मग मोठ्यांनीं नुसतें वाट पाहात बसावें काय? तसें नाहीं. रशियाचे व्हिगॉट्स्की (1896–1934) यांनीं म्हटलें कीं, मूल आज जें एकट्यानें करूं शकत नाहीं परंतु कोणाच्या मदतीनें करतें, तें उद्यां एकट्यानें करील. शिकविण्याची जागा तीच. भाकरी थापतांना आई मुलीस पिठाचा लहान गोळा देते व क्षणभर तिच्या हातावर आपला हात ठेवते. तिनें कोणताही ग्रंथ वाचलेला नसतो, पण ती नेमकें हेंच करीत असते.

हे विचार परदेशांत वाढले. ते गरिबाच्या अंगणांत कसे उतरतील, हें आपल्या महाराष्ट्रांत दोन स्त्रियांनीं करून दाखविलें. ताराबाई मोडक (1892–1973) यांनीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचें काम केलें होतें. 1945 मध्यें त्यांनीं समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं ग्रामीण बालशिक्षणाचें केंद्र सुरू केलें. तेथें अनुताई वाघ (1910–1992) त्यांना येऊन मिळाल्या. महागडीं साधनें परवडणारीं नव्हतीं, म्हणून शिंपले, खडे, बिया व पानें हींच साधनें झालीं. वस्तींतलीं मुलें बालवाडीकडे येईनात, तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत नेली, ती अंगणवाडी. 1957 मध्यें हें काम कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजीं केंद्र सरकारची बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेंच नांव मिळालें.

हें सारें आपल्या जालना जिल्ह्यास दूरचें नाहीं. येथूनही अनेक कुटुंबें ऊसतोडणीसाठीं लहान मुलांसह परमुलखीं जातात. शाळा मुलापर्यंत गेली पाहिजे, हा ताराबाईंचा व अनुताईंचा धडा त्या मुलांसाठीं आजही तितकाच जरूरीचा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही तीन ते आठ वर्षें हा पाया मानून खेळांतून व कृतींतून शिकविण्यावर भर दिला आहे.

पालकहो, साडेतीन वर्षांच्या बोटांत लेखणी धरण्याची शक्ति अद्याप पुरती आलेली नसते. त्याला माती मळूं द्या, शेंगा सोलूं द्या. त्याच्याशीं बोला, गोष्टी सांगा. मात्र मूल हांकेला वळून पाहात नसेल, किंवा त्या वयांतही बोलत नसेल, तर वाट न पाहतां वैद्यकीय सल्ला घ्यावा. आणि विद्यार्थ्यांनो, धाकटें भावंड शंभरदां 'हें काय?' म्हणून विचारील, तेव्हां शंभराव्या वेळींही त्यास उत्तर द्या. त्याची पहिली शाळा तुम्हींच आहांत.

माझ्या घरची ती पाटी मीं कोठीमागेंच राहूं दिली. वर्ष-दीड वर्षानें माझ्या मुलानें ती आपण होऊन बाहेर काढली व आपलें नांव कसें लिहावयाचें, असें मला विचारलें.