संगणकानं उत्तर द्यावं की प्रश्न विचारावा?

मुक्ताईनगरात शिकण्याविषयी बोलायचं तर चांगदेवांना वगळता येत नाही. सिद्धी हाताशी, पण ज्ञानेश्वरांना पाठवलेलं पत्र कोरं, अशी आख्यायिका आपण ऐकत आलो. साधन हाती असणं वेगळं, समज असणं वेगळं. अभियांत्रिकी शिकवणाऱ्या संगणकीय साधनांनाही आज आपण हीच कसोटी लावू.

उदाहरण घेऊ. 6 मीटरची तुळई, दोन्ही टोकांना टेकू. डाव्या टोकापासून 2 मीटरवर 12 किलोन्यूटन भार. तुळईचं स्वतःचं वजन सोडून देऊ. कोणत्या टेकूवर किती भार येईल? सॉफ्टवेअर क्षणात सांगतं: डावीकडे 8, उजवीकडे 4. समजा, विद्यार्थ्यानं उलटं लिहिलं. नुसतं ‘चूक’ म्हणणारं साधन त्याला दुसरा आकडा ठोकायला लावतं. चांगलं साधन विचारतं, ‘भार कोणत्या टेकूजवळ आहे?’ केळीचा घड बांबूला टांगून दोघांनी उचलला, तर घडाजवळच्याच्या खांद्यावर जास्त ओझं येतं, हे खानदेशातल्या पोराला ठाऊकच असतं. मग डाव्या टेकूभोवती समतोल मांडायचा: 12 गुणिले 2, म्हणजे 24, भागिले 6, उजवीकडे 4. उरले 8 डावीकडे.

ही रीत जुनीच. प्लेटोच्या ‘मेनो’ संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस विचारतो. मुलगा बाजू दुप्पट करतो. क्षेत्रफळ चौपट होतं. ते त्याला दिसतं, आणि शेवटी सॉक्रेटिस प्रश्न विचारतच त्याला कर्णापर्यंत नेतो.

जॉर्ज पोल्या या गणितज्ञानं 1945 साली उकलीच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रश्न समजणं, योजना आखणं, ती पार पाडणं, मागे वळून तपासणं. संगणक तिसरीत पटाईत. पण पूल उभा राहतो तो उरलेल्या तिन्हींवरही. भार चुकीच्या जागी धरला, तर अचूक आकडेमोडही चुकीचाच पूल बांधते.

म्हणून साधन कसं वापरतो, हे महत्त्वाचं. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ मराठीतही आहेत. अर्ध्या पडद्यावर पाठ, अर्ध्यावर स्वतः करून पाहायचं. ‘व्हर्च्युअल लॅब्स’मध्ये आकडे बदलून परिणाम बघता येतो. गावात प्रयोगशाळा नसलेल्या मुलाला हे मोठंच दार आहे. नियम एकच: आधी वहीत आकृती आणि अंदाज, मग बटण.

आता तुम्हीच करा. तोच भार डावीकडून 5 मीटरवर नेला, तर कोणता टेकू जास्त दबेल? आधी अंदाज लिहा. मग हिशेब करा.