चटई घरची, पैसा परक्याचा

तारीख होती १९ मे २००२, रविवार. रात्री साडेआठच्या सुमारास मी ताटं वाढत होते आणि टीव्हीवर एका नव्या देशाचा झेंडा वर चढत होता. तिकडे मध्यरात्र झाली होती, २० मे लागली होती. देशाचं नाव पूर्व तिमोर. तो कुठे आहे, हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुलाचा नकाशांचा अ‍ॅटलास काढला, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या वर, इंडोनेशियाच्या बेटांच्या रांगेत, एका बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग सापडला. आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याएवढा!

तेव्हापासून या देशाची बातमी दिसली की मी वाचल्याशिवाय राहत नाही. सगळं जळून गेलेल्या घरात बाहेरच्यांच्या पैशावर संसार पुन्हा उभा राहतो का, हे मला बघायचं होतं.

घर खरोखरच जळालं होतं. पोर्तुगीजांचं चारशे वर्षांचं राज्य १९७५ मध्ये संपतंय तोच इंडोनेशियाचं सैन्य आत शिरलं आणि चोवीस वर्षं राहिलं. काही मारले गेले, काही उपासमारीने आणि आजाराने गेले. मिळून एक लाखाहून जास्त माणसं. ३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मतदान झालं. शंभरातले अठ्ठ्याण्णव मतदार बाहेर पडले आणि ७८ टक्क्यांहून जास्त मतं स्वातंत्र्याला पडली. त्याची शिक्षा लगेच मिळाली. सैन्याने पोसलेल्या टोळ्यांनी घरं, शाळा, दवाखाने पेटवले. देशातल्या सुमारे सत्तर टक्के इमारती उद्ध्वस्त झाल्या.

मग मदत आली, आणि भरभरून आली. जवळजवळ अडीच वर्षं संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच देशाचा कारभार चालवला. पोलीस, न्यायालयं, शाळा, सगळं नव्याने उभारायचं होतं. पण दिली या राजधानीच्या बंदरात परदेशी साहेबांसाठी तरंगतं हॉटेल आलं, आणि काठावरची माणसं बिनछपराच्या घरात राहत होती. तिथे 'लाओ हामुतुक' नावाची संस्था आहे. नावाचा अर्थ 'सोबत चालू या'. मदतीतला जेमतेम दहावा भाग देशाच्या अर्थव्यवस्थेत उतरला, असा हिशेब तिने पुढे मांडला. बाकीचा तज्ज्ञांचे पगार, परदेशातून आणलेलं सामान यांतच गेला. दिलं किती आणि पोचलं किती, यातला फरक घर चालवणाऱ्या बाईला वेगळा सांगायला नको.

बायकांच्या बाबतीत तर गंमतच झाली. २००१ मध्ये घटना लिहिण्यासाठी निवडणूक व्हायची होती. तिथल्या महिला संघटनांनी उमेदवारीत राखीव वाटा मागितला. लोकशाही शिकवायला आलेल्या काही अधिकाऱ्यांनीच त्याला विरोध केला आणि मागणी बारगळली. पण या बायका रडत बसल्या नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्याच महिला निधीची मदत घेऊन त्यांनी इच्छुक बायकांना भाषण कसं करायचं, प्रचार कसा करायचा, याचं शिक्षण दिलं. निकाल लागला तेव्हा ८८ जागांपैकी पाव भागाहून जास्त जागांवर बायका निवडून आल्या होत्या. आता तिथल्या कायद्याने प्रत्येक पक्षाच्या यादीत दर तीन नावांत एक बाईचं असावं लागतं. घरातली मारहाण गुन्हा ठरवणारा कायदाही २०१० मध्ये झाला. त्याला परदेशी संस्थांचा हातभार होता, पण नेट धरला तो तिथल्या बायकांनी.

मला सगळ्यात भावली ती मात्र चटईची गोष्ट. तिकडे भांडण मिटवायची जुनी रीत आहे, 'नाहे बिती', म्हणजे चटई अंथरणं. विणलेली चटई पसरायची, ज्येष्ठांसमोर दोन्ही बाजूंनी बसायचं आणि मिटेपर्यंत बोलायचं. सत्य आणि समेटासाठी नेमलेल्या आयोगाने हीच रीत घेतली. पैसा परदेशी देणगीदारांचा, चटई गावाची. शेजाऱ्याचं घर जाळलेला माणूस सगळ्यांसमोर कबुली द्यायचा, माफी मागायचा, गावाचं काम करून द्यायचा किंवा भरपाई द्यायचा. मग गाव त्याला परत आपलं म्हणायचं. सुमारे १४०० जण असे घरी परतले.

खून आणि बलात्कार मात्र या चटईवर मिटवायचे नाहीत, असं ठरलं होतं. ते बरोबरच होतं. पण त्यांचे बहुतेक आरोपी सीमेपलीकडे निघून गेले होते. एप्रिल २००३ मध्ये आयोगाने दिलीत बायकांसाठी खास जाहीर सुनावणी घेतली. कित्येक वर्षं मनात दाबून ठेवलेलं त्या देशासमोर बोलल्या. बोलायला जागा मिळाली, न्याय मात्र फार थोड्यांना मिळाला. हे वाचताना माझ्या घशाशी आवंढा आला.

२००५ मध्ये शांतिसैनिक परत गेले. काम झालं असं जगाला वाटलं. वर्षभरातच सैन्यातला भेदभावाचा वाद पेटला, सुमारे ६०० सैनिकांना काढून टाकलं गेलं, पूर्वेकडचे आणि पश्चिमेकडचे असे शेजारी एकमेकांवर उठले आणि दीड लाख लोक बेघर झाले. संयुक्त राष्ट्रांची माणसं पुन्हा आली ती २०१२ च्या अखेरपर्यंत राहिली. नव्या बांधकामालाही पाणी मारावं लागतं, चार दिवसांत गवंडी गेला तर भिंतीला तडे जातातच.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हा देश आग्नेय आशियातल्या देशांच्या 'आसियान' संघटनेचा अकरावा सदस्य झाला. ती बातमी वाचून मला घरचं कार्य पार पडल्यासारखं वाटलं. सगळं गोड झालंय असं नाही. २०२० च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ खुंटलेली आढळली. तेलाच्या पैशाचा जो निधी २००५ मध्ये बाजूला काढला, त्यावरच सरकारचा गाडा चालतो, आणि तो कायम पुरणारा नाही.

तरीही माणसं पुन्हा शेजारी शेजारी राहताहेत. कुठे 'इतके कोटी मदत दिली' असं वाचलं की आता मी आकड्यापाशी थांबत नाही. चटई कुणी अंथरली आणि तिच्यावर बायकांना बसू दिलं का, एवढं तेवढं शोधते.